भोपळ्यापासून आभासी वॉर्डापर्यंत : औषध देण्याच्या सरावाचा इतिहास

भारतातील औषधांच्या दुकानांत इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंज मिळतात. एकीची टोपी लाल असते, दुसरीची केशरी. ज्या इन्सुलिनच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये ४० एकके असतात त्यासाठी लाल टोपीची सिरिंज, आणि ज्यात १०० एकके असतात त्यासाठी केशरी टोपीची. दोन्ही सिरिंज दिसायला जवळजवळ सारख्याच. मात्र १०० एककांचे इन्सुलिन चुकून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरले आणि दट्ट्या १० च्या खुणेवर थांबवला, तर रुग्णाच्या शरीरात १० नव्हे, २५ एकके जातात. म्हणजे मात्रा अडीचपट होते. रात्री जेवण कमी झालेल्या वृद्ध रुग्णाच्या बाबतीत एवढी चूक त्याची शुद्ध हरपण्यास पुरेशी असते. उलट चूक झाली, तर १० ऐवजी ४ एककेच पोचतात आणि साखर का उतरत नाही याचा शोध भलतीकडेच सुरू होतो. अनेक देशांनी १९७० च्या दशकापासून पुढे १०० एककांचे एकच प्रमाण स्वीकारून हा प्रश्न मुळातून मिटवला. भारतात दोन्ही प्रमाणे आजही शेजारी शेजारी नांदत आहेत.

ही माहिती सांगायला दोन मिनिटे लागतात. परिचर्येच्या कोणत्याही विद्यार्थिनीला परीक्षेत हा प्रश्न विचारला, तर ती बिनचूक उत्तर देईल. तरीही चूक घडते, कारण परीक्षेच्या दालनात एका वेळी एकच प्रश्न समोर असतो. वॉर्डात मात्र रात्री अकरा वाजता एका खाटेवरचा रुग्ण पाणी मागत असतो, दुसऱ्याचे सलाईन संपत आलेले असते, नातेवाईक डॉक्टर कधी येणार म्हणून विचारत असतात आणि त्याच वेळी सिरिंज हातात असते. ठाऊक असणे आणि त्या क्षणी ते हातून घडणे यांतील अंतर कसे कमी करावे, हा प्रश्न जुना आहे. देशातील काही परिचर्या महाविद्यालयांत आता डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी वॉर्डात औषधे देण्याचा सराव सुरू झाला आहे. तो याच प्रश्नाच्या दीर्घ इतिहासातील अगदी अलीकडचा टप्पा होय.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय संपूर्णपणे सरावाला वाहिलेला आहे. सरावासाठी तिथे ‘योग्या’ असा शब्द योजला आहे. छेदन शिकण्यासाठी कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी अशी फळे. शिवण्यासाठी जाड वस्त्र. पट्टी बांधण्यासाठी मनुष्याकृती पुतळा. ही यादी शस्त्रक्रियेच्या इतिहासात वारंवार उद्धृत होते. त्याच यादीतील आणखी एका नोंदीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. बस्ती देण्याची नळी कशी घालावी व तिची पिशवी किती दाबावी, याचा सराव पाण्याने भरलेल्या घड्याच्या बाजूच्या छिद्रावर आणि भोपळ्याच्या तोंडावर करावा, असे तेथे सांगितले आहे. हा शस्त्र चालवण्याचा सराव नाही; योग्य मार्गाने, योग्य दाबाने औषध शरीरात पोचवण्याचा आहे. सर्व शास्त्र शिकलेला पण सराव न केलेला वैद्य प्रत्यक्ष कामास अपात्र ठरतो, हेही तो अध्याय स्पष्टपणे बजावतो. यावरून प्राचीन भारतात सगळेच होते असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. जिवंत माणसावर पहिला प्रयोग होऊ नये, ही जाणीव वैद्यकाइतकीच जुनी आहे, एवढेच त्यातून दिसते.

आधुनिक परिचर्येत ही जाणीव एका बाहुलीच्या रूपाने आली. १९११ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचर्या शाळेने मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या उद्योजिकेकडून माणसाच्या उंचीची एक बाहुली करवून घेतली. विद्यार्थिनी तिला ‘मिसेस चेस’ म्हणू लागल्या. रुग्णाला कुशीवर वळवणे, अंथरूण बदलणे, आंघोळ घालणे हे सारे तिच्यावर शिकवले जाई. काही वर्षांतच सुधारित बाहुलीच्या दंडावर इंजेक्शन टोचण्याची जागा आली आणि पोटात द्रव साठवण्याची टाकी आली. ज्या शाळांना अशी बाहुली परवडत नसे, तिथे संत्रे कामी येई. संत्र्याच्या सालीतून सुई आत जातानाचा प्रतिकार त्वचेच्या जवळपासचा असतो, म्हणून परिचारिकांच्या कित्येक पिढ्या पहिले इंजेक्शन संत्र्याला देऊन तयार झाल्या.

संत्र्याने हात तयार होतो. पण संत्र्याला नाव नसते, हातात पट्टी नसते, ॲलर्जी नसते. ते चुकीचे औषध घेऊनही तसेच राहते.

हातापलीकडचा सराव, म्हणजे परिस्थितीचा सराव, प्रथम विमानविद्येत उभा राहिला, आणि तोही एका वाद्यनिर्मात्याच्या कारखान्यात. एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे ऑर्गन व स्वयंचलित पियानो बनवण्याचा व्यवसाय होता. ऑर्गनमधील हवेचे भाते आणि झडपा वापरून लिंकने १९२९ मध्ये जमिनीवरच डुलणारे, वळणारे एक छोटे विमान तयार केले. सुरुवातीला त्याचा खप मुख्यतः करमणुकीच्या बागांत झाला. पुढे १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपालाचे काम सोपवण्यात आले. धुक्यात व रात्री केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा सराव नसलेले दहाहून अधिक वैमानिक थोड्याच आठवड्यांत मृत्युमुखी पडले. त्यानंतर लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक या यंत्रात बसून शिकले. सरावाची साधने सहसा अपघातांनंतरच विकत घेतली जातात. वैद्यकातही वेगळे घडले नाही.

वैद्यकात आधी अपघात मोजायचे कसे, हेच कळत नव्हते. रुग्णालयात औषधाची चूक झाली की परिचारिकेने स्वतःहून नोंद करायची, अशी रीत होती. १९६० च्या दशकाच्या आरंभी केनेथ बार्कर व वॉरन मॅककॉनेल या अमेरिकी संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. औषधे देत असताना परिचारिकेसोबत एक निरीक्षक फिरे आणि प्रत्यक्ष काय दिले गेले ते टिपून घेई. मग ती टिपणे डॉक्टरांच्या मूळ आदेशांशी ताडून पाहिली जात. स्वतःहून नोंदवलेल्या चुका आणि निरीक्षकाला दिसलेल्या चुका यांत प्रचंड तफावत निघाली. परिचारिका चुका लपवत होत्या, असा त्याचा अर्थ नव्हता. बहुतेक चुका घडल्या आहेत हे त्यांना कळतच नव्हते. एक मात्रा उशिरा दिली गेली, एक गोळी राहून गेली, आणि रुग्णाला वरकरणी काही झाले नाही. मग नोंदवायचे तरी काय? या अभ्यासांतूनच प्रत्येक रुग्णाची प्रत्येक मात्रा औषधालयातून वेगळी बांधून पाठवण्याच्या पद्धतीला बळ मिळाले. जगाचे लक्ष वेधले जाण्यास मात्र १९९९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने, टाळता येण्याजोग्या वैद्यकीय चुकांमुळे त्या देशातील रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज प्रसिद्ध केला.

एका चुकीचा इतिहास येथे सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण प्रशिक्षणाची मर्यादा त्यातून लख्ख दिसते. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन हे रक्ताच्या कर्करोगावरचे मोलाचे औषध आहे. ते शिरेतूनच द्यायचे असते. त्याच रुग्णांना कधी कधी दुसरे औषध पाठीच्या मणक्यातून, मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात द्यावे लागते. व्हिन्क्रिस्टिन त्या मार्गाने गेले, तर जवळजवळ नेहमीच मृत्यू ओढवतो. २००१ च्या जानेवारीत इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे १८ वर्षांच्या एका तरुणाच्या बाबतीत हेच घडले. आजार नियंत्रणात असलेला तो मुलगा काही आठवड्यांत दगावला. चौकशीत असे दिसले की एकाच डॉक्टरकडे बोट दाखवून विषय संपत नाही: वेगवेगळ्या वेळी यायची औषधे एकत्र आली होती, ओळखीचा सावधगिरीचा क्रम मोडला होता आणि तपासणाऱ्याने दुसऱ्यावर विश्वास टाकला होता. सर्वांत मूलभूत गोष्ट म्हणजे शिरेत द्यायची सिरिंज मणक्यातल्या सुईवर अगदी सहज बसत होती. उपाय दोन सुचले. पहिला, व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये न देता छोट्या सलाईनच्या पिशवीत मिसळून द्यावे. पिशवीभर द्रव कोणी मणक्यात सोडणार नाही. दुसरा, मणक्याच्या सुईची जोडणीच अशी बनवावी की शिरेची सिरिंज तिला बसणारच नाही. पिशवीच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जगभर सूचना पाठवली. या दोन्ही उपायांत कोणालाही काही शिकवावे लागत नाही.

भारतात हाच धडा न्यायालयाच्या मार्गाने आला. ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ ही मलेरियावरील दोन औषधांची व्यापारी नावे. पहिल्यात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. कॅडिला या एकाच मूळ उद्योगसमूहातून फुटलेल्या दोन कंपन्यांची ही औषधे होती. खालच्या न्यायालयाचे म्हणणे असे पडले की ही औषधे रुग्णालयांतच जातात, तिथे जाणकार माणसे असतात, म्हणून गोंधळाचा धोका नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००१ मध्ये ही विचारसरणी अमान्य केली. डॉक्टर आणि औषधविक्रेतेही चुकतात, शिवाय भारतासारख्या बहुभाषक देशात इंग्रजी नावांतील सूक्ष्म भेद अनेकांच्या ध्यानात येत नाही; म्हणून औषधांच्या नावांबाबत इतर वस्तूंपेक्षा कठोर कसोटी लावली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. तज्ज्ञ माणूस थकलेला असू शकतो, ही बाब देशाच्या न्यायव्यवस्थेने अशा रीतीने नोंदवून ठेवली.

आता हेडसेटकडे वळता येईल. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर चढवायचा पहिला संगणकीय पडदा दाखवला. तो इतका जड होता की छताला टांगलेल्या दांड्याचा आधार लागे, आणि त्यात दिसत होते ते केवळ रेषांचे घन. ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ हा शब्दप्रयोग १९८० च्या दशकात जॅरन लॅनियर यांच्यामुळे रूढ झाला. त्यानंतरची बरीच वर्षे हे तंत्र महागडे राहिले. २०१२ मध्ये ऑक्युलस रिफ्टसाठी लोकवर्गणी जमली, २०१४ मध्ये ती कंपनी फेसबुकने घेतली आणि पुढच्या काही वर्षांत संगणकाला जोडावे न लागणारे हेडसेट बाजारात आले. एका महाविद्यालयाला दहा-वीस संच घेणे शक्य झाले ते तेव्हा.

दरम्यान शस्त्रक्रियेने पुरावा उभा केला होता. येल विद्यापीठात १६ निवासी डॉक्टरांवर झालेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही आधारभूत मानला जातो. निम्म्यांना आभासी यंत्रावर सराव दिला, निम्म्यांना नेहमीचे शिक्षण. मग सर्वांनी प्रत्यक्ष रुग्णांवर दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. आभासी सराव केलेल्यांनी पित्ताशय वेगळे करण्याचे काम २९ टक्के वेगाने केले आणि त्यांच्या चुका सरासरीने सहापट कमी होत्या. या अभ्यासाचे मोल आकड्यांपेक्षा रचनेत आहे: सराव यंत्रावर, पण मोजमाप खऱ्या शस्त्रक्रियागृहात.

औषध देण्याचे काम शस्त्रक्रियेपेक्षा सोपे वाटते; सरावाच्या दृष्टीने ते अवघड आहे. त्यात हाताचे कौशल्य थोडे आणि लक्ष फार लागते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही पंचसूत्री प्रत्येक परिचारिकेला पाठ असते. सिडनीतील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांच्या मागे फिरून संशोधकांनी ४,२७१ औषधे दिली जाताना पाहिली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार प्रत्येक व्यत्ययागणिक कार्यपद्धतीतील त्रुटी आणि वैद्यकीय चुका, दोन्ही सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होत्या. चुकीचे मूळ व्यत्ययात असेल, तर सरावातही व्यत्यय हवा. संत्र्याजवळ कोणी हाक मारत नाही. बाहुलीच्या प्रयोगशाळेत फार तर शिक्षिका मुद्दाम हाक मारतील.

आभासी वॉर्डाचे खरे बलस्थान येथे आहे. हेडसेट घातलेल्या विद्यार्थिनीसमोर औषधांची ट्रॉली असते, केस पेपर असतो, खाटेवर रुग्ण असतो. ती आदेश वाचते, रुग्णाला नाव विचारते, मनगटावरची पट्टी पाहते, सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्यांतून एक निवडते, मात्रेचे गणित करते. नेमक्या त्याच वेळी दूरध्वनी वाजतो किंवा शेजारचा रुग्ण उठून बसतो. तिने पट्टी पाहिली की नुसता हात पुढे केला, लेबल वाचायला किती क्षण थांबली, हाकेनंतर गणित पुन्हा तपासले की नाही, हे सारे यंत्र टिपून ठेवते. चुकीचे औषध दिले, तर आभासी रुग्णाचा श्वास मंदावताना तिला दिसतो. तोच प्रसंग दहा वेळा करता येतो आणि कोणालाही इजा होत नाही.

भारतातील वाटचाल अलीकडची, पण वेगवान आहे. भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने अस्तित्वात आली. तिच्या पुढाकाराने गुरुग्राम येथे सिम्युलेशनचे राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभे राहिले. बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम २०२१ मध्ये राजपत्रात आला आणि त्यात सिम्युलेशनला औपचारिक स्थान मिळाले. करोनाच्या काळात विद्यार्थिनींना वॉर्डात जाणे दुरापास्त झाले होते, त्यामुळे ही गरज कागदावर राहिली नाही. चेन्नईतील मेडिसिम व्हीआर ही कंपनी वैद्यकीय व परिचर्या महाविद्यालयांसाठी आभासी प्रयोगशाळा उभारते. आयआयटी मद्रासमधील एक्स्टिक या केंद्रात आभासी वास्तवावर, आणि प्रा. एम. मणिवण्णन यांच्या प्रयोगशाळेत विशेषतः स्पर्शाच्या तंत्रज्ञानावर संशोधन चालते. स्पर्श हाच आजच्या हेडसेटचा सर्वांत मोठा अभाव आहे. हातातील नियंत्रकाला अँप्यूलची मान मोडतानाचा तो टक्कन आवाज व धक्का कळत नाही. घट्ट द्रव भरताना दट्ट्याला येणारा विरोधही कळत नाही. या बाबतीत १९११ ची बाहुली आणि संत्रेच सरस ठरतात. काहींना हेडसेटमुळे मळमळ होते, ती वेगळीच.

दुसरा अभाव भाषेचा. औषध देणारे हात केवळ पदवीधर परिचारिकांचे नसतात. २०११ च्या जनगणनेत ६० वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १०.४ कोटी होती आणि ती झपाट्याने वाढते आहे. शहरांतील घरोघरी व वृद्धाश्रमांत त्यांना गोळ्या देणारी माणसे बहुधा काही महिन्यांचा ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ किंवा तत्सम अभ्यासक्रम केलेली, कधी तोही न केलेली असतात. संधिवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते; ती रोज दिली गेली, तर अस्थिमज्जा निकामी होऊन प्राणावर बेतते. जगभर पुनःपुन्हा घडलेली ही चूक आहे. आभासी सरावाची सर्वाधिक गरज ज्या घरांत आहे तिथे सूचना मराठीत, ओडियात, संथाळीत लागतील. इंग्रजी पडद्यासमोर अडखळणाऱ्या मावशींच्या औषधज्ञानाची परीक्षा होत नाही, इंग्रजीचीच होते.

तिसरा मुद्दा पुराव्याचा. परिचर्येतील आभासी सरावाचे बहुतेक अभ्यास सरावानंतरची परीक्षा आणि विद्यार्थिनींचा आत्मविश्वास मोजून थांबतात. येलच्या अभ्यासाने जे केले, म्हणजे मोजमाप प्रत्यक्ष रुग्णाजवळ नेले, ते औषधांच्या बाबतीत विरळाच होते. आत्मविश्वास वाढला आणि चुका तेवढ्याच राहिल्या, तर तो लाभ म्हणता येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे आणि रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा २०१८ मध्ये आला. या साऱ्यांची भिस्त अखेर नोंदीवर असते, आणि नोंद करणारी व्यक्ती बहुधा परिचारिका असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. वैद्यकीय प्रक्रियेच्या वेळी नोंदणीकृत डॉक्टरकडून तसे घडल्यास ही मर्यादा दोन वर्षांची आहे. सवलतीसाठी वैद्यकीय नोंदवहीत नाव असावे लागते. परिचारिकेचे नाव त्या वहीत नसते. स्वतःची चूक लिहून देण्याचा सल्ला तिला देताना हे कलम समोर असणे बरे.

म्हणूनच हेडसेटमध्ये साठणाऱ्या नोंदी कोणाच्या हाती जातात, याला महत्त्व आहे. बार्कर व मॅककॉनेल यांचा निरीक्षक मागे मागे फिरत असे. हा निरीक्षक डोळ्यांवरच बसलेला आहे आणि त्याच्या नजरेतून काहीच सुटत नाही. शंभर विद्यार्थिनींपैकी तीस जणींनी एकाच ठिकाणी चुकीची कुपी उचलली, तर ती नोंद तीस जणींच्या प्रगतिपुस्तकांत जाऊ शकते, किंवा त्या कुपीचे लेबल बदलण्यासाठी औषध नियंत्रकांकडे पाठवता येते. लाल आणि केशरी टोपीचा प्रसंग आभासी वॉर्डात उभा करणे कठीण नाही. त्यातून जमणारा आकडा सिरिंज बनवणाऱ्यांपर्यंत आणि इन्सुलिनचे प्रमाण ठरवणाऱ्यांपर्यंत पोचवण्याची व्यवस्था मात्र अजून कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेली नाही.